वर्गीकरण आणि आमचे वावर

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘प्राण्यांचे वर्गीकरण’ नावाचा एक धडा आहे. आम्ही तो गुणांसाठी पाठ केला. संधिपाद म्हणजे पायांना सांधे असलेले, उभयचर म्हणजे पाण्यात व जमिनीवर राहणारे, सस्तन म्हणजे पिलांना दूध पाजणारे. प्रत्येकाची लक्षणे तीन आणि उदाहरणे दोन. परीक्षा झाली आणि धडा डोक्यातून गेला. पुढे मी कला शाखेला आले. मराठी व इतिहास वाचणाऱ्या मुलीची प्राणिशास्त्राशी पुन्हा गाठ पडेल, असे मला वाटले नव्हते. ती पडली आमच्या वावरात, वांग्याच्या वाफ्याजवळ.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी वांग्याच्या पानांवर पांढरट ठिपके दिसू लागले. मग पाने पिवळी पडली, तांबूस झाली. पानाच्या मागच्या बाजूला बारीक जाळी होती आणि तिच्यात तिखटाच्या कणाएवढे तांबडे जीव फिरत होते. बाबांनी चार पाने पिशवीत घालून दुकानात दाखवली. दुकानातून किडीचे औषध मिळाले. एक फवारणी झाली, फरक पडला नाही. दुसरे, अधिक महाग औषध आणले. तिसऱ्या फवारणीनंतर तर झाडे आणखीच वाळली. मी विचारले, “बाबा, हा किडा आहे तरी कोणता?” बाबा म्हणाले, “किडा म्हणजे किडाच असते बाई. औषध मारलं का मरते.”

पण तो मरत नव्हता. शेवटी गावात आलेल्या कृषी सहायकांना मी पान दाखवले. त्यांनी खिशातले भिंग माझ्या हातात दिले आणि पाय मोजायला सांगितले. मी दोनदा मोजले. पाय आठ होते.

कीटकाला पाय सहा असतात. आठ पायांचा हा जीव कीटक नव्हताच. तो लाल कोळी होता, म्हणजे कोळी, विंचू व गोचीड यांचा भाऊबंद. कीटकांसाठी बनवलेली कित्येक औषधे त्याला फारशी बाधत नाहीत. उलट, त्याला खाऊन जगणारे मित्रकीटक मात्र त्या औषधांनी मरतात, आणि मग कोळ्याला रान मोकळे मिळते. आमच्या वाफ्यात नेमके हेच घडले असावे. पुढे पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची फवारणी केली, तेव्हा उरलेली झाडे सावरली. पण तीन फवारण्यांचे पैसे आणि मजुरी मातीत गेली होती.

त्या दिवशी दहावीचे पुस्तक मी पुन्हा शोधून काढले. जो धडा पाच गुणांचा वाटत होता, त्याची किंमत आमच्या घराने वेगळ्याच नाण्यात मोजली होती. त्याच धड्याविषयी हा लेख आहे.

प्राण्यांची शिडी

माणूस फार पूर्वीपासून प्राण्यांचे गट पाडत आला आहे. आपल्याकडे जन्माच्या रीतीवरून चार भाग मानले गेले: जरायुज म्हणजे वारेतून जन्मणारे, अंडज म्हणजे अंड्यातून येणारे, स्वेदज म्हणजे घामातून वा दमटपणातून उपजणारे आणि उद्भिज्ज म्हणजे जमीन फोडून वर येणारे. यात निरीक्षण आहे. पण उवा व ढेकूण घामातून उपजत नाहीत, तेही अंड्यातूनच येतात, हे नंतर कळले.

आजच्या पद्धतीचा पाया स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी घातला. त्यांच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची पहिली आवृत्ती १७३५ साली निघाली. १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून प्राण्यांची दोन शब्दांची शास्त्रीय नावे प्रमाण मानली जातात. गंमत अशी, की या थोर माणसाने कोळी, विंचू, खेकडे आणि गोम या सर्वांना कीटकांतच बसवले होते. तेव्हा बाबांची चूक फारशी लाजिरवाणी नाही! देवमाशालाही त्यांनी आधी माशांत धरले होते. १७५८ साली मात्र त्याला सस्तन वर्गात आणले.

या पद्धतीला शिडीची उपमा देता येईल. सर्वांत वर सृष्टी, मग संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि सर्वांत खाली जाती. वरून खाली उतरत जावे तसा गट लहान होतो आणि त्यातील प्राण्यांचे साम्य वाढत जाते. आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक कापूस उत्पादकाला माहीत असलेली गुलाबी बोंडअळी घ्या. तिचा संघ संधिपाद, वर्ग कीटक, गण लेपिडोप्टेरा म्हणजे फुलपाखरे व पतंगांचा, आणि जाती पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. या नावातला दुसरा शब्द कपाशीच्या लॅटिन नावावरून आला आहे. १८४०च्या दशकात या अळीचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले, ते भारतातील कपाशीवरच्या नमुन्यांवरून.

सांधे असलेल्या पायांचे राज्य

संधिपाद संघाची ओळख सोपी आहे. पाठीचा कणा नाही, हाडांऐवजी अंगावर बाहेरून कठीण कवच, शरीर खंडाखंडांचे, पायांना सांधे. कवच वाढत नाही, म्हणून प्राणी वाढताना कात टाकतो. झाडाच्या खोडाला चिकटलेली किड्याची पोकळ कात आपण सर्वांनी पाहिली आहे. जगात आजवर नोंदल्या गेलेल्या प्राण्यांच्या जातींपैकी पाचातल्या सुमारे चार याच संघातील आहेत. कीटकांच्याच दहा लाखांच्या आसपास जाती नोंदल्या आहेत. त्यांच्यापुढे सस्तन प्राण्यांच्या सुमारे साडेसहा हजार जाती म्हणजे मूठभरच.

या संघातील वर्ग ओळखायचे तर पाय मोजावेत. सहा पाय, डोके-छाती-पोट असे तीन भाग आणि मिशांसारख्या दोन शृंगिका असल्या, तर तो कीटक. आठ पाय आणि शृंगिका नाहीत, तर तो कोळी-विंचवाच्या वर्गातला. धाम नदीच्या काठचा खेकडा दहा पायांचा. तो आणि झिंगा कवचधारी. म्हणजे बाजारात माशांशेजारी विकला जाणारा झिंगा मासा नसून खेकड्याचा भाऊ आहे. गोमेच्या प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी, तर पावसाळ्यात भिंतीवर चढणाऱ्या वाणीच्या बहुतेक खंडांना दोन जोड्या. गोमेला शतपाद म्हणतात. पण मोठ्या गोमेच्या पायांच्या जोड्यांची संख्या नेहमी विषम असते, म्हणून तिचे पाय नेमके शंभर कधीच भरत नाहीत! आपल्या ग्रंथालयातील जुनी पुस्तके कुरतडणारी चंदेरी कसर हीही कीटकच, फक्त बिनपंखांची.

एकेका पायरीचे औषध

वर्गीकरण म्हणजे नावांची यादी, असा माझा समज होता. कपाशीच्या वावरात उभे राहून पाहिले, तेव्हा या शिडीच्या प्रत्येक पायरीला वेगळे औषध आहे, हे ध्यानात आले.

वर्गाची पायरी लाल कोळ्याने शिकवलीच. आता गणाची पायरी पाहू. भारतात २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिन्जिएन्सिस नावाच्या जिवाणूचे जनुक या कपाशीत घातलेले असते. त्यामुळे झाडातच एक प्रथिन तयार होते. ते पतंगवर्गीय अळीच्या आतड्यात विरघळते, आतड्याच्या भिंतीला चिकटते आणि अळी मरते. परंतु हे प्रथिन काम करते ते पतंगांच्या गणातील अळ्यांवर. मावा, तुडतुडे व पांढरी माशी दुसऱ्या गणातील, फुलकिडे तिसऱ्या. त्यांचे आतडे वेगळे आणि खाण्याची रीतही वेगळी. ते पाने कुरतडत नाहीत, रस शोषतात. बीटीचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. ‘बीटी लावली म्हणजे कीड लागणार नाही’ असे आमच्या गावात पुष्कळांना वाटत होते. ‘कीड’ या एका शब्दाने केवढा घोटाळा केला!

त्याखाली जातीची पायरी. ‘बोंडअळी’ या नावाखाली आपल्याकडे तीन निरनिराळ्या जाती येतात: ठिपक्यांची, हिरवी म्हणजेच अमेरिकन, आणि गुलाबी. याच्या उलट, कपाशीवरची हिरवी बोंडअळी आणि हरभऱ्यावरची घाटेअळी ही नावे दोन, पण प्राणी एकच: हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. एका नावात तीन प्राणी आणि एका प्राण्याला दोन नावे! लिनियसच्या दोन शब्दी नावांची गरज का पडली, हे मला परदेशातल्या उदाहरणापेक्षा आमच्या हरभऱ्याने लवकर पटवले.

या फरकावर उपाय अवलंबून असतो. हिरवी अळी कपाशी, तूर, हरभरा अशी अनेक पिके खाते. गुलाबी अळी मात्र आपल्याकडे जवळजवळ पूर्णपणे कपाशीवर जगते. म्हणून तिचे अन्न काही महिने तोडले, तर तिची साखळी तुटते. कृषी खाते डिसेंबरनंतर पऱ्हाटी उपटायला आणि फरदड घेऊ नका असे सांगते, ते यासाठी. आम्ही मात्र चार क्विंटल जास्तीच्या आशेने फेब्रुवारी-मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवत होतो, आणि पुढच्या वर्षीच्या अळीला घरचेच जेवण वाढत होतो.

गुलाबी अळी कळीत शिरली की फूल नीट उमलत नाही. त्याची डोमकळी होते. बोंडात शिरली की बाहेरून काही दिसत नाही. वेचणीला गेल्यावर बोंड फोडावे, तर आत डागळलेली कवडी आणि गुलाबी अळी. तोवर फवारणीचा उपयोग संपलेला असतो. म्हणून कामगंध सापळा लावतात. मादी पतंगाच्या गंधासारखा कृत्रिम गंध त्यात असतो आणि त्याच जातीचे नर त्यावर येतात. गुलाबी अळीच्या सापळ्यात हिरव्या अळीचा पतंग येत नाही. त्याला वेगळी वडी लागते. सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले, तर उपाय करायची वेळ झाली असे समजतात. जातीची ओळख माणसापेक्षा पतंगाला अधिक पक्की असते, असे म्हणायला हरकत नाही.

२००६ साली दोन प्रथिने असलेली बीटी कपाशी आली. पण गुलाबी अळीने हळूहळू दोन्ही पचवायला शिकून घेतले आणि २०१७ साली विदर्भातल्या कपाशीची तिने दाणादाण उडवली. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेमागे अनेक कारणे होती. सर्व दोष अज्ञानाला देणे अन्यायाचे होईल. पण चुकीच्या जीवावर मारलेले विष वाया जात नाही. ते फवारणाऱ्याच्या अंगात जाते, एवढे मला त्यातून कळले. पाठीवर पंप घेऊन बाबा धुऱ्यावरून चालत येतात, तेव्हा हे आठवते.

जी गोष्ट शत्रूची, तीच मित्राचीही. ठिपकेदार ढालकिडा मावा खातो, हे पुष्कळांना माहीत असते. पण त्याची अळी आई-बापासारखी दिसत नाही. काळपट, लांबट, नारिंगी ठिपक्यांची असते आणि तीही मावाच खाते. लहानपणी अशा कितीतरी अळ्या मी शत्रू समजून चिरडल्या आहेत. ट्रायकोग्रामा नावाची इवलीशी गांधीलमाशी बोंडअळीच्या अंड्यात आपले अंडे घालते. तिला ओळखणारा माणूस तिच्यावर विष फवारण्याआधी दोनदा विचार करील.

कणा असलेले शेजारी

आता पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांकडे वळू. मासे, उभयचर, सरपटणारे प्राणी, पक्षी व सस्तन असे त्यांचे पाच गट शाळेत शिकवतात. येथेही बाह्य रूप फसवते. वाम लांबट, सापासारखी दिसते. पण तिला कल्ले आहेत, ती मासाच. बेडकाचे पिलू कल्ल्यांनी श्वास घेते आणि मोठेपणी फुप्फुसांनी व ओल्या त्वचेने. त्याची अंडी बिनकवचाची, म्हणून त्याला डबके हवे. सरड्याची व पालीची त्वचा कोरडी, खवल्यांची. कुंडीत सापडणारा वाळा गांडुळासारखा दिसतो. पण त्याच्या अंगावर खवले आणि आत कणा आहे. तो साप आहे, आणि बिनविषारी आहे.

सापांच्या बाबतीत मात्र ओळख चुकली, तर जीव जातो. कधी माणसाचा, पुष्कळदा सापाचा. माणसाला सर्वाधिक धोका असलेले आपल्याकडचे साप चार: नाग, मण्यार, घोणस व फुरसे. कवड्या साप बिनविषारी. पण त्याच्या अंगावरच्या पट्ट्यांमुळे लोक त्याला मण्यार समजून मारतात. मण्यारीचे पांढरे पट्टे मानेजवळ पुसट वा नसलेले आणि शेपटीकडे ठळक. कवड्याचे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. नाग व मण्यार एका कुलातले, त्यांचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर जाते. घोणस व फुरसे दुसऱ्या कुलातली, त्यांचे विष रक्तावर. आपल्याकडे मिळणारी सर्पविषावरची लस या चारही सापांसाठी असते. म्हणून दंश झाल्यावर साप ओळखत वा शोधत बसू नये, रुग्णालय गाठावे.

सेवाग्राम आश्रमात गेलात, तर साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि त्याला ठेवायची पेटी पाहायला मिळते. गांधीजी १९३६ साली तेथे राहायला आले, तेव्हा तो परिसर सापा-विंचवांचा होता. साप मारायचा नाही, पकडून दूर सोडायचा, अशी आश्रमाची रीत होती. शाळेच्या सहलीत मी ती पेटी पाहिली होती. तिच्याकडे नीट पाहिले ते आता.

सस्तनांची नावे तर फारच फसवी आहेत. उदमांजर व खवल्या मांजर ही मांजरे नव्हेत. मांजराच्या कुलातला खरा प्राणी वाघ. आपल्या बोर अभयारण्याला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेथला वाघ आणि आमच्या चुलीजवळची मांजर एका कुलातली आहेत. वटवाघूळ उडते, पण पिलाला दूध पाजते; ते पक्षी नव्हे. चिचुंद्रीला आपण उंदीर समजून मारतो. ती उंदरांच्या गणातली नाहीच. तिचा गण वेगळा आणि तिचे मुख्य खाणे किडे व झुरळे. आणि पिकाची नासाडी करणारा आपला रोही! त्याला नीलगाय म्हणतात म्हणून कुणी गाय समजते, कुणी घोडा. तो गाय-बैल, म्हैस आणि शेळी यांच्याच मोठ्या कुलातला. पण त्याचा सर्वांत जवळचा नातलग आहे जंगलातला लाजरा चौसिंगा.

बदलणारी शिडी

हे वर्गीकरण दगडावरची रेघ नाही. उधईला आपण पांढरी मुंगी म्हणतो, पण ती मुंगी नव्हे. पूर्वी तिचा स्वतंत्र गण होता. आता जनुकांच्या अभ्यासावरून तिला झुरळांच्या गणात घेतले आहे. मगर पालीपेक्षा चिमणीला अधिक जवळची आहे, कारण पक्षी हे डायनोसोरांचे वंशज आहेत. दिसण्यावरून सुरू झालेले हे शास्त्र आता नात्यांचे शास्त्र झाले आहे.

आणखी एक गोष्ट सांगाविशी वाटते. या शास्त्रातली शेवटची पायरी ‘जाती’. हाच शब्द आपल्या समाजात माणसामाणसांत भिंत घालण्यासाठी वापरला गेला. पण प्राणिशास्त्राच्या पुस्तकात सर्व माणसांची जाती एकच आहे: होमो सेपियन्स. आणि त्या शिडीवर कुणी उच्च नाही, कुणी नीच नाही. पायऱ्या जवळच्या आणि दूरच्या नात्याच्या आहेत, मानाच्या नाहीत.

यंदा बाबा व मी कपाशीत सापळे लावले. पतंग मोजायचे काम माझे होते. गुलाबी अळीने तरीही काही बोंडे खाल्लीच. ज्ञान म्हणजे जादू नव्हे. पण फवारण्या गेल्या वर्षीपेक्षा दोनने कमी झाल्या आणि ज्या झाल्या त्या वेळेवर झाल्या. डिसेंबर संपताच पऱ्हाटी उपटली. शेजारच्या काकांनी विचारले, “एवढ्या लवकर काहून?” तेव्हा बाबांनीच त्यांना कारण समजावून सांगितले. मी नुसती ऐकत उभी होते.

आपल्या महाविद्यालयातले आपण बहुतेकजण शेताच्या बांधावरून येथे आलो आहोत. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी दहावीचे ते पुस्तक रद्दीत पडले असेल. ते एकदा काढावे, झाडाचे एक पान घ्यावे, आणि आई-बाबांना शेजारी बसवून त्यावरच्या जीवाचे पाय मोजावेत. औषधाच्या दुकानात जाण्याची वेळ त्यानंतरची.